पावडर कोटिंगच्या चासीवरचे चरे: पाच रविवार आणि आरटीओची एक फेरी

२०१०ची बुलेट. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती पूर्ण उघडून चासी, स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा भाग) आणि दोन्ही स्टँड सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत भाजून बसवलेला थर) करून घेतले. डिसेंबरअखेर गॅरेजमधून गाडी जोडून आली तेव्हा चासीवर अकरा ठिकाणी कोटिंगला इजा झालेली होती. १७ फेब्रुवारी २०२५ला नोंदणीची पंधरा वर्षे संपणार होती, म्हणजे त्याआधी गाडी तपासणीला न्यायची होती. मधल्या सहा आठवड्यांत काय केले, कशाला किती वेळ आणि पैसे लागले, कुठले काम पुन्हा करावे लागले, ते क्रमाने लिहितो आहे. सोलापुरात पावडर कोटिंग करून देणारे बरेच आहेत. त्यावर चरा पडला तर पुढे काय, हे सांगणारे फार कमी भेटतात.

अकरापैकी सात जागा इंजिन परत बसवताना झाल्या. या गाडीत समोरची उभी नळी इंजिनच्या पुढच्या प्लेटपाशी संपते आणि इंजिन हेच चासीचा खालचा भाग म्हणून काम करते. बोल्टची भोके जुळेपर्यंत इंजिन मागेपुढे हलवावेच लागते, आणि तेवढ्यात उभ्या नळीची मागची बाजू आणि मागचे लग (इंजिनचा बोल्ट जातो ते चासीचे कान) घासून निघतात. जोडणीआधी नळ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम गुंडाळला तर हे टळते. फोम आपणच नेऊन द्यावा आणि बांधताना समोर उभे राहावे. उरलेल्या चार जागांपैकी दोन लेगगार्डच्या क्लॅम्पखाली होत्या, एक हँडलच्या नळीवर (हँडल जिच्यात फिरते त्या चासीच्या नळीवर) क्लच केबल घासून झालेली आणि एक मेन स्टँडच्या पिनेजवळ.

५ जानेवारी, रविवार. पहिला दिवस फक्त धुणे आणि बघणे. गाडीच्या शांपूने चासी धुतली, पुसली, आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपा धरून एकेक नळी पाहिली. समोरून प्रकाश पाडला तर काळ्या रंगावरचे निम्मे चरे दिसतच नाहीत. प्रत्येक जागेशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर नंबर टाकला आणि वहीत एकेक ओळ लिहिली. हे कंटाळवाणे वाटते, पण दोन आठवड्यांनी कुठल्या जागेवर प्रायमर कधी मारला होता हे आठवत नाही, तेव्हा ही वहीच उपयोगी पडते.

चऱ्याची खोली नखाने कळते. नख आडवे फिरवले आणि ते अडकले नाही तर ओरखडा वरवरचा. नख अडकते पण तळाशी काळेच दिसते, म्हणजे थर कापला गेला पण धातू अजून झाकलेला आहे. तळाशी राखाडी चमक दिसली तर धातू उघडा पडला. चौथा प्रकार सगळ्यात वाईट: कडेला कटरचे पाते अलगद टेकवले की थराचा पापुद्रा उचलला जातो. माझ्याकडे चार वरवरचे, पाच धातूपर्यंतचे आणि दोन पापुद्रा सुटलेले निघाले. हे शेवटचे दोन इंजिनच्या मागच्या लगांवर, बोल्टच्या वॉशरशेजारी होते. जाड कोटिंग वॉशरखाली दाबले जाते, तडकते, आणि तिथून फुटत जाते. शिवाय दबलेल्या थरामुळे बोल्टचा ताणही उतरतो. म्हणून कोटिंगला देतानाच लगांची तोंडे आणि बोल्टची भोके झाकायला सांगावीत. भट्टीची उष्णता सोसणारी हिरवी टेप त्यासाठी मिळते. माझ्याकडून ते सांगायचे राहिले होते.

त्याच दिवशी दोन चाचण्या केल्या. पांढऱ्या कापडावर थोडे थिनर घेऊन सीटखालच्या लपलेल्या जागी पन्नास वेळा मागेपुढे घासले. नीट भाजलेल्या कोटिंगची चमक थोडी उतरते, कापडाला किंचित काळे लागते, पण थर मऊ होत नाही. मऊ पडून निघायला लागला तर भट्टीत माल कच्चा राहिला आहे असे समजावे. अशा चासीवर टचअपला काही अर्थ नाही, ती परतच द्यावी. दुसरी चाचणी चिकटपणाची. पात्याने बारीक आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. चौकोन निघून आले नाहीत तर कोटिंगखालची तयारी बरी झाली आहे. माझी चासी दोन्हीत पास झाली, म्हणून पुढचे सगळे करण्यात अर्थ होता.

७ जानेवारीला कोटिंगवाल्यांकडे जाऊन आलो. उत्तर अपेक्षित होते: "मालक, तेवढ्यापुरती पावडर मारता येत नाही. चासी पूर्ण मोकळी करून आणा, परत ब्लास्टिंग करून देतो." ब्लास्टिंग म्हणजे बारीक कणांचा मारा करून जुना थर उडवणे. यात टाळाटाळ काही नव्हती. पावडर विद्युतभाराने धातूवर चिकटते आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून घट्ट होते. एकदा घट्ट झालेला थर पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जुन्या-नव्याचा सांधा एकजीव होत नाही. आणि भट्टीत जायचे तर इंजिन, वायरिंग, बुश, बेअरिंगच्या वाट्या, रबर सगळे उतरवावे लागते. अंदाज मिळाला तो असा: ब्लास्टिंगसकट कोटिंगचे ४,२०० रुपये, इंजिन उतरवणे-चढवणे २,८०० रुपये, गॅस्केट वेगळे. वेळ तीन आठवडे, कारण मध्ये संक्रांत आणि सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. शिवाय इंजिन पुन्हा चढवताना तेच चरे पुन्हा पडण्याची भीती. तेव्हा द्रव रंगाने दुरुस्ती करायचे ठरले. अकरा छोट्या जागांसाठी तेच योग्य होते. पापुद्रा हाताच्या पंजाएवढा सुटला असता किंवा नळीला वेल्डिंग करायचे असते तर मात्र मी भट्टीचाच रस्ता धरला असता. वेल्डिंगच्या आसपासचे कोटिंग जळते आणि तिथे ब्रशने डाग झाकून भागत नाही.

आपल्याकडची हवा कोरडी, गंज कसला चढतोय, असे पुष्कळ जण म्हणतात. पण चऱ्यातून शिरलेले पाणी थराखाली अडकते आणि वरून कोरडे दिसले तरी आत ओल राहते. त्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की क्षार मागे उरतात, आणि क्षार ओल धरून ठेवतात. गंज मग कडेखालून सरकत जातो. वरून चासी चकचकीत, आणि नख लावले की नाण्याएवढा तुकडा हातात येतो. माझ्या पाच उघड्या जागांपैकी तिघांवर पंधरा दिवसांतच तांबूस रेघ आली होती.

८ जानेवारीला सामान घेतले. भाव त्या दिवशी पडले ते लिहितो. आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर १८०. पाणी पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) १८०, ३२०, ४००, ६००, १५०० आणि २००० नंबरचे मिळून आठ ताव १६०. टू-के (म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा) इपॉक्सी प्रायमर हार्डनरसकट ५२०. टू-के पीयू (पॉलियुरेथेन) काळा, सेमीग्लॉस म्हणजे मध्यम चमकेचा, २०० मिली आणि त्याचा हार्डनर ३९०. त्याच कंपनीचा पीयू थिनर १४०. फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढायचे जेल १५०. मास्किंग टेप ८०. सिरिंज, दोन बारीक ब्रश आणि फोम ११०. बॅटरीचे पाणी पाच लिटर १००. नायट्राइल हातमोजे ६०, पेंट रिमूव्हर जेल २००, पारदर्शक पीयू फिल्म ३००. आणि कार्ट्रिजवाला मास्क ८५०. एकूण ३,२४०. दुकानदार मास्कच्या ऐवजी दहा रुपयांचा कापडी मास्क पुढे करतात, तो घेऊ नये. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची वाफ फुप्फुसाला एकदा बाधली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. ब्रशने काम करताना धोका स्प्रेपेक्षा बराच कमी, तरी मोकळ्या जागेत, मास्क आणि हातमोजे घालूनच करावे. गनने फवारायचे असेल तर ते बूथ असलेल्या पेंटरकडेच द्यावे.

साडेतीनशे रुपयांचा साधा स्प्रे कॅन का नको, असे दुकानात तिघांनी विचारले. त्या कॅनमधला रंग हार्डनरशिवाय नुसता थिनर उडून वाळतो. त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की तो विरघळतो, आणि चासीवर पेट्रोल कधी ना कधी सांडतेच. त्यातला कडक थिनर कोवळ्या प्रायमरला सुरकुत्याही पाडतो. वरवरच्या झाकपाकीला ठीक, गंज अडवायला नाही.

१२ जानेवारीला फक्त वरवरचे चार ओरखडे घेतले. संक्रांतीच्या आठवड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, घरी पाहुणे असतात. उघडा केलेला धातू तसाच ठेवून उठावे लागले तर एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो. म्हणून धातूपर्यंतचे काम त्याच दिवशी प्रायमरपर्यंत पोचणार असेल तरच हातात घ्यावे.

वरवरच्या ओरखड्यांना रंग लागत नाही, पण फिनिश कुठले आहे ते पाहावे लागते. चकचकीत कोटिंग असेल तर २००० नंबरचा पेपर ओला करून चार-पाच हात आणि मग रबिंग कंपाउंड, एवढ्यावर भागते. माझे कोटिंग सेमीग्लॉस होते. त्यावर कंपाउंड मारले तर तेवढाच डाग आरशासारखा चमकतो आणि ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतो. मॅट फिनिशवर तर कंपाउंड लावूच नये. मी १५०० आणि २०००ने ओरखड्याच्या दिशेला तिरके घासून कडा मोडल्या आणि करड्या स्कॉचब्राइटचा (घासायच्या बारीक जाळीचा) अगदी हलका हात फिरवून चमक शेजारच्या पृष्ठभागाशी जुळवली. चारपैकी तीन दिसेनासे झाले. चौथा उन्हात तिरपे पाहिले तर दिसतो. तो तसाच ठेवला, कारण आणखी घासले तर थर पातळ होतो आणि तिथले संरक्षण कमी होते.

१९ जानेवारी, खरे काम. सकाळी बॅटरीची दोन्ही टोके सोडली, टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवली, लेगगार्ड काढला, इंजिनवर प्लॅस्टिक टाकले. अंगणात सडा मारला, कारण जानेवारीत वारा सुटला की धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. नंतर आधी तेल काढायचे, मग घासायचे. हा क्रम उलटा झाला तर तेल आणि ग्रीस पेपरच्या रेघांत रगडले जाते आणि मग कितीही पुसले तरी निघत नाही. पेट्रोलने पुसायची सवय सगळ्यांनाच आहे, पण पेट्रोल वाळल्यावर मागे तेलकट थर ठेवते. अल्कोहोलचे एक ओले कापड आणि लगेच मागून कोरडे कापड, असे दोनदा पुसावे. टायर पॉलिश किंवा सिलिकॉनचा स्प्रे कधी उडाला असेल तर हे चारदा करावे. सिलिकॉन राहिले तर रंग मध्येच फाटून गोल खड्डे पडतात. कापडाचेही सांगतो. आपल्या घरांत टॉवेल भरपूर असतात, पण टेरी टॉवेलचे सूत सुटते आणि ते रंगात अडकते. जुने धुतलेले मलमल किंवा धोतराचा तुकडा घ्यावा.

पापुद्रा सुटलेल्या दोन जागांवर कटर जवळजवळ आडवा धरून, जिथवर थर सहज सुटतो तिथवर तो काढून टाकला. इथे हात आखडता घेऊ नये. एक चरा पाच मिलिमीटरचा दिसत होता, सुटका थर काढल्यावर तीन सेंटीमीटर झाला. गंज थराखालून तेवढा सरकला होता. दिसतो तेवढ्याच चऱ्यावर रंग मारला असता तर पावसाळ्यात तो पुन्हा फुगला असता.

मग १८० नंबरने गंज आणि धातू घासला, आणि ३२०ने कडांना उतार दिला. सगळ्या दुरुस्तीतले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि सर्वांत वेळखाऊही. पावडरचा थर सहसा ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ब्रशने किंवा फोमने लावलेला पीयूचा एक हात वाळून साधारण २५ मायक्रॉनचा राहतो. म्हणजे उभ्या कडेचा खड्डा भरायला तीन-चार हात लागतात, आणि भरला तरी कडेची रेघ दिसत राहते. शिवाय त्या उभ्या कडेवर द्रव रंग पातळ ओढला जातो आणि नेमका तिथूनच पुन्हा उघडतो. म्हणून प्रत्येक जागेभोवती दहा ते पंधरा मिलिमीटर रुंदीचा उतार करायचा: डोळे मिटून बोट फिरवले तर धातू कुठे संपला आणि कोटिंग कुठे सुरू झाले हे कळता कामा नये. पावडर कोटिंग चिवट असते, पेपर पटकन भरतो. तो पाण्यात झटकत राहावा. एकेका जागेला वीस ते पंचवीस मिनिटे लागली. उताराच्या बाहेरही आणखी दोन सेंटीमीटर ४०० नंबरने चमक मारून ठेवली. गुळगुळीत कोटिंगवर कुठलाही द्रव रंग धरत नाही, त्याला रेघांचा आधार लागतो.

लगांच्या खड्ड्यांत गंज खोलवर बसला होता, तिथे पेपर पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक जेल ब्रशने लावून पंधरा मिनिटे ठेवले, पितळी ब्रशने घासले, पुन्हा दहा मिनिटे. जेल काढायला आधी भरपूर नळाचे पाणी आणि शेवटचे दोन हात बॅटरीच्या पाण्याचे. बोअरचे पाणी शेवटी वापरू नये, क्षार रंगाखाली अडकले तर तिथे फोड येतात. धुतल्यावर लगेच हेअर ड्रायरने वाळवले. तरी दहा मिनिटांत पिवळसर झाक येते. ती ३२०ने पुन्हा काढून, अल्कोहोलने पुसून, तासाभरात प्रायमर लावला.

प्रायमर मोजण्यासाठी मेडिकलमधल्या बिनसुईच्या सिरिंज वापराव्यात. अंदाजाने थेंब टाकले तर एवढ्या थोड्या मापात गुणोत्तर हमखास चुकते, आणि इपॉक्सीत हार्डनर कमी-जास्त झाला तर थर कायम मऊ राहतो. गुणोत्तर कंपनीगणिक बदलते, डब्यावरचेच पाळावे. सात जागांना मिळून दहा मिली मिश्रण पुरले. सिरिंजचे रबर थिनरने फुगते, म्हणून ती एकदाच वापरायची. एक हात लावून चाळीस मिनिटांनी दुसरा लावला. काम अकरा ते तीनच्या मध्येच केले. रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि थंडीत इपॉक्सी फार हळू पकडते.

त्याआधीच्या दिवशी, १८ तारखेला, आरटीओचा अर्जही भरून ठेवला होता. खाजगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणासाठी नमुना २५ लागतो आणि मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत तो भरता येतो. परिवहन पोर्टलवर अर्ज, नूतनीकरणाची फी तेव्हा १,००० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, पर्यावरण कर वेगळा. तपासणीची तारीख १० फेब्रुवारी मिळाली. आरसी, विमा, पीयूसी आणि आधारच्या प्रती काढल्या. विमा आणि पीयूसीची मुदत आधी बघावी. दोन्हींपैकी एक संपलेले असेल तर फेरी वाया जाते.

२१ जानेवारीला प्रायमरला ४०० आणि ६००ने पाणी लावून घासताना सात नंबरची जागा बिघडली. पेपर फिरवताच प्रायमर रबरासारखा गोळा होऊन निघाला. बाकी सहा दगडासारखे कडक होते. मिश्रण एकच, म्हणजे दोष मापाचा नव्हता. सात नंबर हा लगाच्या कोपऱ्यातला खड्डा होता आणि जेल तिथून पुरते धुतले गेले नव्हते. आम्ल उरले की ते इपॉक्सीच्या हार्डनरलाच खाते, मग थर घट्ट होत नाही. तिथे परत धातूपर्यंत गेलो, आणि या वेळी धुण्याच्या शेवटी ओल्या जागेवर लिटमसचा कागद टेकवून पाहिला. शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात पट्ट्यांची छोटी वही मिळते. निळा कागद निळाच राहिला तेव्हा वाळवून प्रायमर लावला. या एका जागेने आठवडा जास्त घेतला.

२६ जानेवारीला काळा रंग. आधी डब्याच्या झाकणावर नमुना काढावा आणि वाळल्यावर तो चासीशेजारी उन्हात धरून पाहावा. काळ्या रंगात छटेचा फरक सहसा कळत नाही, चमकेचा फरक मात्र लांबून कळतो. माझ्या सेमीग्लॉसची चमक कोटिंगपेक्षा जास्त आली. दुकानातून त्याच कंपनीचे मॅटिंगचे (चमक उतरवणारे) द्रावण थोडे घेऊन, नमुन्यावर तीन वेळा मिसळून पाहिले तेव्हा जुळले. दुकानदाराने चमचाभर द्रावण पैसे न घेता दिले, मोठा डबा घ्यायची गरज पडली नाही. ते ढवळून लगेच वापरावे, ठेवले तर तळाशी बसते.

मिश्रण माझ्या डब्यावरच्या मापाने: आठ मिली रंग, दोन मिली हार्डनर, एक मिली थिनर. बारीक लांब चऱ्यांना दोन नंबरचा ब्रश, मोठ्या जागांना फोमचा तुकडा. फोमचे कारण असे की पावडर कोटिंगचा पृष्ठभाग नीट पाहिला तर संत्र्याच्या सालीसारखा असतो. ब्रशचा सपाट डाग त्यात उठून दिसतो. फोम रंगात बुडवून, कागदावर टिपून, मग हलके ठोके देत लावला की तसाच पोत येतो. जागेभोवती मास्किंग टेपची सरळ रेघ ओढू नये, टेप काढल्यावर तिथे पायरी उरते. रंग मध्ये भरपूर आणि बाहेरच्या बाजूला विरत जाणारा असावा. दोन हात, मध्ये पाऊण तास. प्रायमरचे साधारण ४० आणि रंगाचे ५० मायक्रॉन मिळून जाडी मूळ थराएवढी होते.

मिसळलेला रंग तीन-चार तासांत घट्ट होऊ लागतो, उरलेला परत डब्यात ओतू नये. हार्डनरच्या डब्याचे झाकण लगेच घट्ट लावावे. तो हवेतला ओलावा ओढतो आणि आठवड्यात जेली होतो.

२ फेब्रुवारीला, सात दिवस पूर्ण झाल्यावर, खोडरबरावर १५०० नंबरचा पेपर गुंडाळून दोन उंचवटे उतरवले आणि स्कॉचब्राइट फिरवले. रंग स्पर्शाला तासाभरात वाळतो, पण पूर्ण पकडायला आठवडा घेतो. या आठवड्यात लेगगार्डचा क्लॅम्प आवळला असता तर त्याचा ठसा कायमचा उमटला असता. सात नंबरचा रंग त्याच दिवशी मारला. त्याचा आठवडा ९ तारखेला भरला.

चासी नंबरचे काम ४ फेब्रुवारीला केले. नंबर हँडलच्या नळीवर ठोकलेला असतो, आणि तपासणीत त्याचा पेन्सिलने कागदावर छाप घेतात. कोटिंगच्या जाड थराने आकडे भरून गेले होते. घरी छाप घेऊन पाहिला तर ३ आणि ८ सारखेच दिसत होते. इथे पेपर, कानस, ग्राइंडर यातले काहीही लावू नये. आकड्यांवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो, आणि नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा म्हटले तरी आरटीओची परवानगी लागते. बाजूला टेप लावून कापसाच्या काडीने पेंट रिमूव्हर जेल फक्त आकड्यांवर ठेवले, वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकला, अर्ध्या तासाने लाकडी टूथपिकने मऊ झालेला थर उचलला. असे चार वेळा. पावडर कोटिंगवर हे जेल हळू चालते, घाई करून धातूचे टोक वापरू नये. मग अल्कोहोलने पुसून पारदर्शक लॅकरचा एकच पातळ हात. छाप स्वच्छ आला. कोटिंगला देण्याआधीच नंबरवर हिरवी टेप लावली असती तर ही संध्याकाळ वाचली असती. आणि हे काम सुरू करण्याआधी व संपल्यावर नंबरचे फोटो काढून ठेवावेत.

१० फेब्रुवारी, सोमवार. साडेदहाला पोचलो, तपासणी पावणेबाराला झाली. नंबरचा छाप, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर, आरसा, टायर. चासीच्या कोटिंगबद्दल काही विचारले गेले नाही, कारण आरसीवर नोंद असलेला टाकीचा रंग तोच होता. कोटिंगची जीएसटीची पावती सोबत ठेवली होती, दाखवावी लागली नाही. नवीन आरसी तीन आठवड्यांनी पोस्टाने आली, मुदत पाच वर्षे.

१६ फेब्रुवारीला लेगगार्ड लावला. क्लॅम्पखाली, क्लच केबल घासते तिथे आणि मेन स्टँडच्या पिनेजवळ पारदर्शक पीयू फिल्म चिकटवली. ताज्या पीयूवर फिल्म लावायला तीन आठवडे थांबावे, त्याआधी आतला थिनर सुटायला जागा मिळत नाही आणि फिल्मखाली बुडबुडे येतात. केबल बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्या सैल ठेवू नयेत. पट्टीखाली धूळ शिरते आणि ती पॉलिश पेपरसारखी काम करते. इंजिनचे मागचे बोल्ट आवळताना वॉशरखाली कोटिंग नाही, धातूला धातू टेकतो आहे, हे पाहिले, आणि उघड्या कडांना ब्रशने प्रायमरचा एक हात दिला. दोनशे किलोमीटरनंतर ते ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आहेत का हे पुन्हा तपासले.

बॅटरीची अर्थिंगची वायरही याच वेळी बघून घ्यावी. कोटिंग विजेला अडवते. अर्थचा बोल्ट कोटिंगवरच आवळला असेल तर दिवे मिणमिणतात, सेल्फ ओढत नाही, आणि दोष बॅटरीला दिला जातो. बोल्टखालची रुपयाएवढी जागा धातूपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

पहिल्या पावसानंतर, २२ जूनला, वही घेऊन अकराही जागा टॉर्चने पुन्हा पाहिल्या. दहा ठीक आहेत. नऊ नंबर, उभ्या नळीच्या खालच्या टोकाला पुढच्या चाकाने उडवलेला खडा लागून, पुन्हा धातूपर्यंत फुटला आहे. प्रायमर आणि रंगाचे डबे उलटे ठेवले होते, दोन्ही चांगले आहेत. हार्डनर मात्र नवा आणावा लागला, ७० रुपये. मडगार्डला खाली लांब रबराचा फ्लॅप लावला आहे, आणि नऊ नंबरचे काम येत्या कोरड्या दुपारी करायचे आहे.